एमपीबी आणि मीप : तरंगांची दिशा पडताळून पाहण्याची दोन मोफत साधने

टोपोलॉजिकल फोटॉनिक स्फटिकांवरच्या, म्हणजे आवर्ती रचनेच्या जोरावर प्रकाशाची दिशा राखणाऱ्या पदार्थांवरच्या, बहुतेक लेखांत एक ठरावीक चित्र असते. दोन वेगळ्या जाळ्या एकमेकींना भिडलेल्या असतात, त्यांच्या सीमेवरून प्रकाश चाललेला असतो, वाट मध्येच झटक्यात वळते आणि तरीही प्रकाशाचा लवलेशही मागे परतत नाही. या चित्रात खरे किती आणि सजावट किती, हे ज्याला स्वतः पडताळून पाहायचे आहे त्याला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. मॅक्सवेलची समीकरणे प्रामाणिकपणे सोडवणारे सॉफ्टवेअर आणि बऱ्यापैकी संगणक असला की पुष्कळ काम होते. एमपीबी आणि मीप ही त्यासाठीची दोन सर्वपरिचित साधने आहेत. दोन्ही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, जॉन जोआनोपोलस आणि स्टीव्हन जॉन्सन यांच्या वर्तुळात घडली, दोन्हींचा स्रोत खुला आहे आणि दोन्ही जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली विनामूल्य मिळतात. त्यांच्या सर्वसाधारण गुणदोषांची चर्चा करण्याचा येथे हेतू नाही. तरंगाची दिशा ताब्यात ठेवणाऱ्या रचना तपासण्यासाठी ती कितपत भरवशाची आहेत, एवढ्याच प्रश्नाला धरून हे परीक्षण लिहिले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पट्टरचना, म्हणजे स्फटिकातून कोणत्या वारंवारतांचे तरंग कसे जातात याचा आलेख, काढणारे एमपीबी या कामासाठी डोळे झाकून घ्यावे. काळानुसार क्षेत्र पुढे सरकवणारे मीप तितकेच समर्थ आहे, पण ते वापरणाऱ्याला सहज खूष करते, आणि म्हणून त्याच्याकडे अधिक संशयाने पाहिले पाहिजे. एखादी रचना टोपोलॉजिकल आहे की नाही, याचा निवाडा मात्र दोघांपैकी एकही देत नाही. तो वापरणाऱ्यालाच करावा लागतो.

कसोटी कोणती लावली हे कळण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, अपवर्तनांक ठरावीक अंतराने बदलत ठेवला तर काही वारंवारतांच्या प्रकाशाला त्या पदार्थात शिरकावच मिळत नाही. अशा स्फटिकात छिद्रांची एक रांग गाळली की तरंगवाहक तयार होतो, मात्र त्यात पुढे जाणाऱ्या प्रत्येक तरंगाला त्याच वारंवारतेचा, मागे जाणारा एक जोडीदार असतो, आणि वाटेतला लहानसा दोषही एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे वळवतो. डंकन हॉल्डेन आणि श्रीनिवास राघू यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हा जोडीदारच नाहीसा करण्याची वाट दाखवली: चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने काळ उलटवण्याची सममिती (काळ उलटा फिरवला तरी नियम तेच राहणे) मोडली, तर स्फटिकाच्या कडेवर एकाच दिशेने जाणारे तरंग उरतात. पुढच्याच वर्षी एमआयटीतील झेंग वांग, यिडोंग चोंग, जोआनोपोलस आणि मारिन सोल्याचिच यांनी फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या दांड्यांची चौरस जाळी ०.२ टेस्लाच्या क्षेत्रात ठेवून सुमारे ४.५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मतरंगांवर हे सिद्ध केले. वाटेत धातूचा अडथळा ठेवल्यावरही तरंग त्याला वळसा घालून पुढे गेला. दृश्य किंवा अवरक्त प्रकाशासाठी पदार्थांचा चुंबकीय प्रतिसाद फारच क्षीण असल्यामुळे नंतर चुंबकाविना चालणारे दोन मार्ग पुढे आले. एक लाँग-हुआ वू आणि शिआव हू यांचा २०१५ मधील षट्कोनी रचनेचा, ज्यात छद्मफिरकीच्या, म्हणजे क्षेत्र कोणत्या बाजूने फिरते याच्या, कल्पनेवर दिशा ठरते. दुसरा दरीरचनेचा, ज्यात व्युत्क्रम जाळीच्या (तरंगांची दिशा आणि लांबी ज्यावर मांडतात त्या नकाशाच्या) दोन विरुद्ध कोपऱ्यांवरच्या अवस्था वेगळ्या वागतात. या तीन कुळांच्या रचना दोन्ही साधनांपुढे ठेवल्या असता जे दिसते, ते पुढे मांडले आहे.

स्थापनेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. लिनक्स आणि मॅकवर कोंडा या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या माध्यमातून दोन्ही एकत्रच बसतात, विंडोजवर मात्र लिनक्सची उपप्रणाली चालू करून घ्यावी लागते. पूर्वी सगळी मांडणी स्कीम या भाषेत लिहावी लागे आणि तो कंसांचा पसारा पाहून अनेक जण मागे फिरत; आता पायथनची जोड पूर्णपणे वापरण्याजोगी झाली आहे. खिडक्या, बटणे, उंदराने ओढून काढायची चित्रे यांतले काहीही येथे मिळणार नाही. रचना शब्दांत आणि आकड्यांत लिहायची, आणि उत्तरही बहुतांशी आकड्यांतच घ्यायचे. ज्यांना हे नकोसे वाटते त्यांनी कॉमसॉलसारख्या व्यापारी साधनाकडे वळावे, पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि आत काय चालले आहे हे उघडून पाहता येत नाही.

एमपीबीची पहिली मोठी गुणवत्ता अशी की, ते लांबीचे एकक विचारतच नाही. जाळीचे अंतर एक मानायचे, वारंवारता त्या अंतराच्या आणि प्रकाशवेगाच्या प्रमाणात वाचायची. त्यामुळे काढलेली एकच पट्टरचना सेंटिमीटरच्या जाळीतील सूक्ष्मतरंगांनाही लागू पडते आणि शेकडो नॅनोमीटरच्या जाळीतील अवरक्त प्रकाशालाही. सपाट तरंगांच्या बेरजेत क्षेत्र मांडून खालून हवे तितके पट्टे काढण्याची त्याची पद्धत जॉन्सन आणि जोआनोपोलस यांनी २००१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली आहे. तिचा वेग ज्या फूरिए रूपांतरावर उभा आहे ते एफएफटीडब्ल्यू हे ग्रंथालयही याच जॉन्सन यांनी मात्तेओ फ्रिगो यांच्यासह लिहिलेले आहे, ही गोष्ट जाता जाता नोंदवण्याजोगी आहे. द्विमितीय रचनेचे काम साध्या लॅपटॉपवर चहा निवण्याआधी संपते.

वू आणि हू यांची रचना एमपीबीसाठी फार चांगली परीक्षा आहे. षट्कोनी घरात, म्हणजे जाळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या एककात, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) पदार्थाचे सहा दंडगोल ठेवायचे आणि घराच्या मध्यापासून त्यांचे अंतर बदलत जायचे. हे अंतर जाळीच्या अंतराच्या बरोबर एक-तृतीयांश असते तेव्हा सगळी मांडणी साध्या मधमाशीच्या पोळ्यासारखी होते आणि व्युत्क्रम जाळीच्या केंद्रबिंदूवर चार पट्टे एकत्र येऊन दुहेरी डिरॅक शंकू, म्हणजे एकाच बिंदूत टोके जुळलेले शंकू, दिसतो. कोणतीही गणना सुरू करण्यापूर्वी हे चार पट्टे खरोखर एकत्र येतात का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी; ते किंचितही फाकलेले दिसले तर भौतिकीत नवे काही सापडले असे समजू नये, आपल्याच मांडणीत किंवा विभाजनाच्या बारकाव्यात खोट आहे असे समजावे. येथे एमपीबीचा आणखी एक गुण कामी येतो. त्याचे गणनाबिंदू जाळीच्या तिरप्या सदिशांवरच बसतात, त्यामुळे षट्कोनी सममितीला उगीच धक्का लागत नाही आणि शंकू स्वच्छ येतो.

दंडगोल केंद्राकडे सरकवले किंवा केंद्रापासून दूर नेले, तर दोन्ही वेळा शंकू फाटून मध्ये रिकामा पट्टा, म्हणजे ज्यात एकही तरंग चालत नाही असा वारंवारतांचा टप्पा, उघडतो. खरी अडचण येथून पुढे सुरू होते, कारण दोन्ही आलेख एकमेकांशेजारी ठेवले तर दिसायला जवळपास सारखे असतात. एक रचना साधी आहे आणि दुसरी टोपोलॉजिकल, हे पट्ट्यांच्या रेषांवरून कळत नाही. ते त्या रेषांमागच्या क्षेत्रांवरून कळते. दंडगोल आत सरकवले तेव्हा पी स्वरूपाचे, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात चिन्ह बदलणारे क्षेत्र खालच्या पट्ट्यात असते आणि डी स्वरूपाचे वरच्या. बाहेर सरकवले की दोघांची अदलाबदल होते, आणि हीच टोपोलॉजिकल रचना. एमपीबी क्षेत्रे साठवून देते, शिवाय दिलेल्या फिरवणीखाली क्षेत्र स्वतःवर किती जुळते याचा आकडाही काढून देते. अर्ध्या फेऱ्यासाठी हा आकडा पी क्षेत्राला उणे एक आणि डी क्षेत्राला अधिक एक येतो, म्हणजे चित्राकडे डोळे बारीक करून पाहण्याची गरज उरत नाही. ही सोय दस्तऐवजात ज्या ठिकाणी आहे तिथवर नवखा वापरकर्ता क्वचितच पोहोचतो. तिला अधिक ठळक जागा मिळायला हवी होती.

सीमेवरच्या अवस्था काढायच्या झाल्या की एमपीबीचा वेग मंदावतो, आणि त्याचे कारण समजून घेतले तर वैताग येत नाही. साध्या आणि टोपोलॉजिकल घरांची एक लांब पट्टी करून तिला एकच मोठे घर मानावे लागते. एमपीबी पट्टे तळापासून मोजत येते, आणि षट्कोनी रचनेत रिकाम्या पट्ट्याखाली प्रत्येक मूळ घरामागे तीन पट्टे असतात. म्हणजे पट्टीत वीस घरे असतील तर आपल्याला हवी ती अवस्था एकसष्टाव्या क्रमांकापासून पुढे सापडणार. विशिष्ट वारंवारतेच्या आसपासचे पट्टे थेट शोधण्याची सोय आहे, पण तिच्यात उत्तर स्थिरावण्याचा वेग कमी असल्यामुळे मी पट्ट्यांची संख्या वाढवून सरळ मार्गानेच जाणे पसंत करतो.

याच टप्प्यावर एक गोष्ट जाणकारांनाही चकवते. एमपीबीतील सर्व सीमा आवर्ती असल्यामुळे पट्टीच्या मध्ये जशी एक सीमा असते तशीच पट्टीची दोन टोके जुळतात तिथे दुसरी सीमा आपोआप तयार होते. चुंबकीय स्फटिकाच्या बाबतीत या दोन सीमांवरचे तरंग परस्परविरुद्ध दिशांनी जातात, आणि आलेखात मात्र दोन्ही रेषा एकाच चौकटीत, विरुद्ध उतारांनी एकमेकींना छेदताना दिसतात. केवळ आलेख पाहणारा माणूस या रचनेत तरंग दोन्हीकडे जातात असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. कोणत्या रेषेची ऊर्जा कोणत्या सीमेजवळ एकवटली आहे हे तपासून रेषा वेगळ्या रंगांत काढाव्यात; त्याशिवाय दिशेविषयी एक शब्दही बोलू नये.

चुंबकीय स्फटिकाची पट्टरचना एमपीबीत काढता येते, पण दोन अटींवर. पदार्थाच्या प्रदिशातील (दिशेनुसार प्रतिसाद सांगणाऱ्या आकड्यांच्या चौकटीतील) कर्णाबाहेरचे काल्पनिक घटक स्वीकारण्यासाठी सॉफ्टवेअर त्या पर्यायासह बांधलेले असले पाहिजे, आणि वारंवारतेनुसार पदार्थाचे गुण बदलतात ही वस्तुस्थिती आपण बाजूला ठेवली पाहिजे, कारण एमपीबीला ना विक्षेपण हाताळता येते ना ऊर्जेचे शोषण. फेराइटचा प्रतिसाद तर वारंवारतेनुसार झपाट्याने बदलतो. म्हणून आपल्या कामाच्या वारंवारतेला जो प्रदिश असेल तोच सर्वत्र धरायचा, आलेखाचा त्या वारंवारतेजवळचा भाग तेवढा खरा मानायचा आणि बाकीचा सोडून द्यायचा. एककमुक्त गणनेचा जो गुण वर सांगितला, तो येथे उपयोगी पडत नाही, हेही ओघाने आलेच. एवढी काळजी घेतली तर चौरस जाळीत दुसरा आणि तिसरा पट्टा जिथे एकमेकांना टेकतात, तिथे चुंबकीय क्षेत्र लावताच फट पडताना दिसते.

त्या फटीला टोपोलॉजिकल म्हणायचे तर चेर्न अंक, म्हणजे पट्ट्याचे टोपोलॉजिकल स्वरूप सांगणारा पूर्णांक, काढला पाहिजे, आणि तो काढणारी तयार आज्ञा एमपीबीत नाही. फुकुई, हात्सुगाई आणि सुझुकी यांनी २००५ मध्ये मांडलेली पद्धत येथे वापरावी: व्युत्क्रम जाळीचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरच्या क्षेत्रांचे गुणाकार घेऊन त्यांची कला (आवर्तनातील स्थान) मोजायची आणि सगळ्या कलांची बेरीज करायची. प्रत्येक बिंदूवर एमपीबी क्षेत्राला कोणतीही मनमानी कला देत असले तरी ती या गुणाकारांत आपोआप छाटली जाते, आणि जाळी फारशी बारीक नसतानाही उत्तर पूर्णांकात येते. हे लिहिताना दोन खाचा सांभाळाव्या लागतात. व्युत्क्रम घराच्या एका कडेवरून विरुद्ध कडेवर येताना सपाट तरंगांचे गुणांक एका स्थानाने सरकवावे लागतात, नाहीतर पूर्णांकाऐवजी भलतीच संख्या हाती येते. आणि पट्टे कुठेतरी टेकलेले असतील तर त्यांचा अंक एकेकट्याने न काढता पूर्ण गटाचा काढावा लागतो. टोपोलॉजिकल फोटॉनिकीवर आज जितके काम चालते ते पाहता ही आज्ञा सॉफ्टवेअरमध्येच असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने तीच चाळीस-पन्नास ओळींची आज्ञावली नव्याने लिहायची आणि त्यात तीच चूक नव्याने करायची, यात शिक्षणाचा भाग थोडा आणि वेळेचा अपव्यय अधिक आहे.

आता मीपकडे येऊ. केन यी यांनी १९६६ मध्ये सुचवलेल्या चौकटीवर हे साधन अवकाश आणि काळ दोन्ही लहान पायऱ्यांत तोडते आणि क्षेत्र प्रत्यक्ष पुढे सरकवत नेते. शोषण, विक्षेपण, कोणत्याही आकाराचा अडथळा, हवा तो स्रोत, सगळे त्यात बसते. चुंबकीय क्षेत्राने फिरवलेले पदार्थ तर त्यात रीतसर दिलेले आहेत. फेराइटमधील चुंबकत्वाच्या परिवलनाचे प्रतिमानही त्यात आहे, त्यामुळे एमपीबीत जी तडजोड करावी लागली ती येथे करावी लागत नाही. २००९ च्या प्रयोगाची प्रतिकृती मीपमध्ये उभारली आणि वाटेत धातूची पट्टी ठेवली, तर तरंग पट्टीपाशी क्षणभर साचतो, तिच्या भोवतीने सरकतो आणि पलीकडे पुन्हा आपल्या वाटेला लागतो. स्रोत कोणताही घ्या, कुठेही ठेवा, ऊर्जा एकाच बाजूला जाते. फेराइटमधल्या शोषणाने तरंगाची उंची घटत जाईल, पण दिशा बदलणार नाही.

हेच काम षट्कोनी रचनेवर करताना मीप वापरणाऱ्याला भुरळ घालते. या रचनेत दोन्ही दिशांनी जाणारे तरंग अस्तित्वात असतात. फक्त एका दिशेचा तरंग सीमेवरच्या ठरावीक जागी एका बाजूने फिरणारे चुंबकीय क्षेत्र घेऊन जातो आणि दुसऱ्या दिशेचा विरुद्ध बाजूने फिरणारे. म्हणून स्रोतही फिरता द्यावा लागतो: सीमेवरच्या एकाच बिंदूवर चुंबकीय क्षेत्राचे दोन लंब घटक पाव आवर्तनाच्या फरकाने चालवायचे. मग पडद्यावर जे दिसते ते मोहक असते, सगळी ऊर्जा उजवीकडे, डावीकडे काळोख, आणि पाव आवर्तनाचे चिन्ह बदलले की सगळे उलट. पण त्या जागी साधा, एका रेषेत दोलन करणारा स्रोत ठेवून पाहावे. प्रकाश दोन्हीकडे जातो. फिरता स्रोत घराच्या एखाद्या लहान अंशाने बाजूला सरकवला तरी दिशेचा कल ढळतो, कारण क्षेत्राच्या फिरण्याचे प्रमाण बिंदूगणिक वेगळे असते. चित्रातली एकदिशता अर्धी रचनेची आणि अर्धी स्रोताची असते, हे लक्षात ठेवले नाही तर मीप आपल्याला हवे तेच उत्तर देत राहील. कोणत्याही टोपोलॉजिकल रचनेच्या दाव्यासोबत मी आता प्रथम हेच पाहतो की, लेखकाने स्रोत बदलून पाहिला आहे का.

फिरत्या स्रोतामुळे एक व्यावहारिक भुर्दंडही पडतो. मीपमध्ये आरशाची सममिती सांगितली तर अर्धीच रचना मोजून काम भागते आणि वेळ निम्मा होतो. फिरता स्रोत किंवा चुंबकित पदार्थ ती सममिती मोडतो, म्हणून ही सवलत या विषयात सहसा मिळत नाही. सवयीने ती लावून ठेवली तर गणना कुरकुर न करता पूर्ण होते आणि उत्तर मात्र चुकीचे देते.

मीपचा दुसरा त्रास त्याच्या चौरस गणनाजाळीतून येतो. षट्कोनी रचना आयताकृती चौकटीत बसवताना एक बाजू दुसरीच्या वर्गमूळ तीन पट असते, आणि ही संख्या कोणत्याही पूर्णांकी विभाजनात बरोबर बसत नाही. मीप चौकट जवळच्या पूर्ण विभागापर्यंत आणून ठेवते, शिवाय चौरस जाळीला साठ अंशांची फिरवणी ठाऊक नसते. परिणामी जिथे पट्टे काटेकोरपणे टेकायला हवेत तिथे बारीकशी बनावट फट दिसू लागते. कडा गुळगुळीत करण्याची मीपची सोय या दोषाला बराच आळा घालते, पण पूर्ण नाही. ही फट आणि खरी फट यांत गल्लत होऊ नये म्हणून विभाजन वाढवून फट आकसते का, हे पाहावे. वू आणि हू यांच्या रचनेत मात्र सीमेवर षट्कोनी सममिती प्रत्यक्षातच मोडलेली असल्यामुळे सीमेवरच्या दोन रेषांमध्ये थोडी फट खरोखरच असते, आणि ती विभाजन कितीही वाढवले तरी जात नाही. छद्मफिरकीचे संरक्षण किती मर्यादित आहे हे ती फटच सांगते.

सर्वांत महत्त्वाचा इशारा टोकांवरच्या शोषक थरांविषयी आहे. तरंग गणनेच्या चौकटीबाहेर निघून जावा म्हणून मीप कडेला परिपूर्ण जुळणीचे थर लावते. झां-पिएर बेरांजे यांनी १९९४ मध्ये सुचवलेला हा थर एकसंध माध्यमात उत्तम काम करतो, परंतु फोटॉनिक स्फटिक थेट त्या थरात शिरलेला असेल तर तो परिपूर्ण राहत नाही आणि प्रकाश परत पाठवतो. मीपच्याच कर्त्यांनी २००८ मध्ये हे लिहून ठेवले आहे. ज्या रचनेचा संपूर्ण डौल प्रकाश परत न येण्यावर आहे, तिच्या तपासणीत साधनच प्रकाश परत पाठवू लागले तर काय मोजले याला अर्थ राहत नाही. यावर उपाय म्हणून हळूहळू वाढत जाणारा साधा शोषक थर मीपमध्येच दिलेला आहे, तो लांबलचक ठेवावा. जागा अधिक लागते, वेळ अधिक लागतो, पण परतीचा आकडा विश्वासार्ह होतो.

त्रिमितीय गणनेत किंमत झपाट्याने चढते. विभाजन दुप्पट बारीक केले की बिंदू आठपट होतात आणि काळाची पायरीही निम्मी करावी लागते, म्हणजे काम सोळापट. तरीही ती टाळून चालत नाही, कारण पातळ पापुद्र्यात कोरलेल्या रचनांचा एक मोठा प्रश्न द्विमितीय गणनेत दिसतच नाही. षट्कोनी रचनेतील कडेच्या अवस्था व्युत्क्रम जाळीच्या केंद्राजवळ असतात, म्हणजे प्रकाशरेषेच्या (जिच्या वरच्या तरंगाला हवेत निसटता येते त्या मर्यादेच्या) वर. त्यामुळे त्या पापुद्र्यातून वर आणि खाली पाझरत राहतात. एमपीबी सगळ्या सीमा आवर्ती धरत असल्याने त्याला हा पाझर मोजता येत नाही. मीपमध्ये मात्र अवस्था पेटवून तिचा ऱ्हास पाहिला आणि त्यासोबतच्या हार्मइन्व्ह या साधनाने वारंवारता व आयुष्य काढले की किती ऊर्जा हवेत जाते ते कळते. हा पाझर प्रत्येक वेळी शापच असतो असे मात्र नाही. नेदरलँड्समधील एका गटाने २०२० मध्ये याच पाझरलेल्या प्रकाशाचे निरीक्षण करून सिलिकॉनमधील कडेच्या अवस्थांची फिरकी आणि दिशा थेट दाखवली. पण लांबवर प्रकाश न्यायचा असेल तर ही रचना योग्य नव्हे, आणि हे त्रिमितीय गणनेनंतरच नीट कळते.

दरीरचनेत हा दोष नाही. तिच्या अवस्था व्युत्क्रम षट्कोनाच्या कोपऱ्यांजवळ, प्रकाशरेषेच्या खाली राहू शकतात, त्यामुळे पापुद्र्यात बांधून ठेवलेला प्रकाश बांधलेलाच राहतो. एमपीबीत एका घरातील दोन छिद्रे वेगवेगळ्या आकारांची केली की कोपऱ्यावरचा शंकू फुटतो, आकारांची अदलाबदल केली की दरींची भूमिका उलटते, आणि अशा दोन जाळ्या जोडल्या की सीमेवर सुरेख रेषा मिळते. मीपमध्ये ती सीमा साठ अंशांच्या वळणांनी वाकवली तर प्रकाश जवळजवळ विनातक्रार वळतो. प्रत्यक्षातही २०२० मध्ये सिंगापूर आणि ओसाका येथील संशोधकांनी सिलिकॉनच्या अशा वाहकातून, दहा तीव्र वळणे ओलांडून, टेराहर्ट्झ तरंगांवर सेकंदाला ११ गिगाबिट माहिती नेऊन दाखवली.

येथेच थांबले तर परीक्षण एकतर्फी होईल. पडद्यावरची प्रत्येक रचना आदर्श असते, छिद्रे तंतोतंत गोल आणि कडा आरशासारख्या गुळगुळीत. वळणे ओलांडणे आणि कारखान्यात राहून गेलेला खडबडीतपणा सहन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दरीरचनेत मागे जाणारा जोडीदार दुसऱ्या दरीत जिवंत असतो. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये सिलिकॉनच्या दरीवाहकांत, प्रकाशाचा वेग मंदावलेल्या अवस्थेत, मागे परतणारा प्रकाश जोरकस असल्याचे मोजून दाखवले. घडणीतल्या खडबडीतपणापासून टोपोलॉजिकल संरक्षण मिळत असल्याचे त्यांना दिसले नाही. मीपमध्ये याची कल्पना आधीच घेता येते. प्रत्येक छिद्राचे केंद्र आणि त्रिज्या यादृच्छिकपणे किंचित हलवायची, शोषक थर लांब ठेवायचा, आत येणारी आणि परत जाणारी ऊर्जा वेगळी मोजायची, आणि तीच गणना त्याच वारंवारतेच्या साध्या, एक रांग गाळलेल्या तरंगवाहकावर करून दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. ही तुलना न करता केवळ टोपोलॉजिकल वाहकाचा आकडा देणारे निष्कर्ष मी बाजूला ठेवतो, कारण साध्या वाहकाची वळणेही कसून जुळवली तर काही वारंवारतांना उत्तम चालतात.

एकाच विस्कळीत नमुन्यावरून येथे काहीही ठरवू नये. एका मांडणीत प्रकाश सुखरूप पोहोचतो आणि पुढच्याच मांडणीत वाटेत अडकून बसतो, त्यामुळे पुष्कळ मांडण्यांची सरासरी घ्यावी लागते, आणि ही सरासरी काढण्याची सर्व जबाबदारी वापरणाऱ्याच्या आज्ञावलीवर पडते. सुदैवाने या गणना एकमेकींवर अवलंबून नसतात. द्विमितीय स्वरूपात त्या एका चांगल्या संगणकाच्या वेगवेगळ्या गाभ्यांवर एकाच वेळी सोडून देता येतात, आणि त्रिमितीय गणना मग सरासरीच्या जवळ आलेल्या थोड्याच मांडण्यांसाठी राखून ठेवता येते.